पंचेचाळीस सांगितलं, पोरीनं ५४ लिहिलं : डोक्यातले आकडे, दोन भाषा आणि चुंबकाचे ठोके

शहापूरकर
गेल्या आठवड्यातली गोष्ट. धाकटी दुसरीत आहे. आमच्या बेळगावात शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथं कन्नड विषय आहेच, घरात मराठी. दुकानात बसवून तिच्याकडून आकडे लिहून घेत होतो. "पंचेचाळीस लिही" म्हटलं, हिनं ५४ लिहिलं. "चोपन्न" म्हटलं तर ४५. बाबा गल्ल्यावरून बघत होते. त्यांनी कानडीत विचारलं, "नलवत्तैदु?" पोरीनं लगेच ४५ लिहून दाखवलं. "पोर हुशार आहे, तुझी मराठीच उलटी आहे," म्हणून बाबा हसत सुटले.

रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसलो. पंचेचाळीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, चाळीस नंतर. कानडीत नलवत्तु म्हणजे चाळीस आधी, ऐदु म्हणजे पाच नंतर, अगदी लिहितो तसं. इथपर्यंत आपल्याला कळतं. पण पुढं वाचलं ते भारीच होतं. आकडे डोक्यात कुठं बसतात हे शोधायला शास्त्रज्ञ कवटीच्या बाहेरून मेंदूला चुंबकाचे ठोके देतात.

२००७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रॉय कोहेन कादोश आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग सांगतो. पडद्यावर दोन आकडे, एक मोठ्या टायपात, एक बारीक. प्रश्न फक्त टायपाचा: कोणता मोठा छापलाय? समजा ३ ढब्बू छापलाय आणि ५ बारीक. उत्तर ३. पण आपलं डोकं मध्येच "अरे, पाच मोठा" म्हणून लुडबुड करतं आणि उत्तराला क्षणभर उशीर होतो. उजव्या बाजूला, डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात इंट्रापॅरायटल सल्कस नावाची खाच आहे, तिथं ठोके दिले तर ही लुडबुड कमी झाली. आकडा दिसत होता, पण त्याची किंमत आपोआप मनात येत नव्हती. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे समजायलाच जड जाण्याचा त्रास, असलेल्या माणसांचं असंच होतं म्हणे.

तर प्रश्न असा: तुम्ही मनात हिशेब कुठल्या भाषेत करता? आणि आकडा मुळात कुठल्या भाषेचा असतो का?

आंबोळी
पैसे मराठीत, मोबाईल नंबर इंग्रजीत, बसचा नंबर कानडीत. शिव्या तिन्हीत.

कंग्राळीचा_भावा
काय सांगायलास भावा! चुंबक लावून हिशेब बंद पडतोय होय? आमच्यात लग्नानंतर चुंबकाशिवाय बंद पडलाय.

जुने_गुरुजी
शहापूरकर, लेकीला माझा आशीर्वाद सांगा आणि ओरडू नका. खानापूर तालुक्यात अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं, ही चूक दर वर्षी दर वर्गात पाहिली. त्यातही एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी फार छळतात. एकोणसाठ म्हटलं की साठ ऐकू येतं आणि पोर सहा लिहून मोकळं होतं. बरं, ऐंशीच्या घरात एकोणनव्वद म्हणायचं, पण पुढं एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव! मुलांनी का सोसावं?

बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' असं वाचन आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला आठवतोय का? मंगला नारळीकर त्या समितीवर होत्या. मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी विनोद करून करून पिट्ट्या पाडला. आम्ही सीमेवरचे मास्तर मात्र गप्प होतो. पोरं कानडी मग्गी (पाढे) म्हणताना अडत नाहीत, हे आम्ही रोज बघत होतो.

निपाणीची_सून
@जुने_गुरुजी, आदर राखून असहमत. माझ्या सासूबाईंना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं पाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, नव्या पिढीसाठी सांगते. आयुष्यभर विड्या वळल्या, हजाराला किती मजुरी हे त्या कारखानदाराच्या मुनीमाआधी सांगायच्या. मराठी उलटी म्हणून त्यांचं काही अडलं नाही. पाठांतर सोडलं, म्हणून सत्तेचाळीस आणि चौऱ्याहत्तरमध्ये गोंधळ व्हायला लागला. दोष भाषेचा नाही, पाट्या टाकणाऱ्यांचा आहे.

ओपीडी_नंतर
धागा आवडला. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं मेंदूच्या वेगवेगळ्या कामांबद्दल बोलताय.

स्तानिस्लास देहान या फ्रेंच संशोधकानं १९९२ मध्ये मांडणी केली की आकडा मेंदूत तीन रूपांत असतो. एक, डोळ्याला दिसणारं अंक-रूप: ४५. दोन, शब्द: पंचेचाळीस किंवा नलवत्तैदु. तीन, नुसती 'केवढं' ही जाण, जिला भाषा नाही. सासूबाईंचे पाढे शब्दांच्या खात्यात. ते पाठ केलेल्या आरतीसारखे जिभेवर येतात, त्यात मोजणं नसतंच. शहापूरकरांच्या मुलीचा घोटाळा शब्दापासून अंकाकडे जाताना होतो. तिची 'केवढं' ची जाण ठणठणीत असणार.

हे आकाशातून पडलेलं नाही. मेंदूतली गाठ काढताना रुग्णाला जागं ठेवतात आणि पृष्ठभागावर बारीक वीज देऊन बघतात की काय बंद पडतंय. ते भाग वाचवायचे असतात. अशा शस्त्रक्रियांत दिसलंय की डाव्या पॅरायटल (मागच्या-वरच्या) भागात एका ठिकाणी वीज दिली की गुणाकार अडतो, आणि शेजारच्याच दुसऱ्या ठिकाणी वजाबाकी. बे दुणे चार गेलं, पण सातातून तीन जमतंय. दोन्ही एकच 'गणित' असतं तर असं झालं नसतं.

आणि अंक उलटे लिहिणं ही मराठीची मक्तेदारी नाही. जर्मनमध्येही 'पाच-आणि-चाळीस' असंच म्हणतात. जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या अंकलेखनाच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलट्या क्रमाच्या निघाल्या. चेक भाषेत तर दोन्ही पद्धती चालतात. एकाच मुलाला दोन्ही प्रकारे आकडे सांगितले, तर उलट्या पद्धतीत तशा चुका जास्त. @जुने_गुरुजी, हा तुमच्या बाजूचा पुरावा.

निपाणीची_सून
मान्य. पण सासूबाईंना आरतीसारखं म्हणालात ते सांगणार नाही. मार खाल.

गॉटिंगेन_रिटर्न
रुमाल टाकून जागा धरली होती, आता लिहितो. मूळचा टिळकवाडीचा, जर्मनीत शिकत असताना खिशाला चार युरो मिळतात म्हणून अशा प्रयोगात 'नग' म्हणून बसलो आहे. त्यामुळे आतून कसं वाटतं ते सांगतो.

आधी फॉर्म: फिट येते का, डोक्यात धातू आहे का, पेसमेकर आहे का. यातलं काही असेल तर घरी पाठवतात. मग डोक्यावर पोहायची टोपी, तिच्यावर पेननं खुणा. नाकाच्या मुळापासून मागच्या टेंगळापर्यंत फितीनं माप घेतात, अगदी टेलर मास्तर. कॉईल इंग्रजी आठच्या आकाराची. आत काय चालतं ते आपल्या दहावीच्या पुस्तकातलंच आहे, फॅरेडेचं. तारेतून एका क्षणासाठी जबर विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं चढतं-उतरतं आणि त्यामुळे कवटीच्या आत मेंदूत किंचित प्रवाह तयार होतो. हे यंत्र पहिल्यांदा चाललं इंग्लंडात शेफील्डला, १९८५ मध्ये, अँथनी बार्करकडे. दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा खोल त्याचा जोर पोचत नाही.

सुरुवातीला हातावर ताबा असलेल्या भागावर ठोका देतात. खट्! आणि माझा अंगठा माझ्या परवानगीशिवाय उडाला. पहिल्यांदा मला हसू आवरेना. अंगठा किती जोरात दिल्यावर उडतो यावरून तुमची मात्रा ठरते. मग कॉईल मागं सरकवून खरं काम. पडद्यावर आकडे, मोठा की छोटा, बटण दाबा. दुखत नाही, पण टाळूवर कोणी टिचक्या मारतंय असं वाटतं, आवाजही कट्-कट् येतो, म्हणून कानात बोळे. 'आता मला आकडे कळत नाहीत' असं क्षणभरही वाटलं नाही. फरक मिलिसेकंदांत असतो. तो संगणकाला कळतो, तुम्हाला नाही.

तिथं मला एकदा विचारलं होतं, कुठल्या भाषेत मोजतोस? "बटणं मराठीत दाबली" म्हणालो. त्यांनी वहीत लिहून घेतलं, देव जाणे काय समजले.

शंकेखोर
छान, पण वर्तमानपत्रात येतं ते वेगळंच असतं. "डोक्याला करंट लावा, गणितात हुशार व्हा." त्याचं काय?

ओपीडी_नंतर
@शंकेखोर, ते चुंबकाचं नाही, दुसरं तंत्र: टीडीसीएस. ओले स्पंज डोक्याला लावून एक-दोन मिलिअँपिअरचा अगदी सौम्य प्रवाह. यानं पेशी पेटत नाहीत, पेटायला थोड्या जास्त किंवा थोड्या कमी तयार होतात. जर्मनीत गॉटिंगेनला निट्शे आणि पाउलुस यांनी २००० मध्ये हे नीट दाखवलं. (आयडीवरून वाटतंय आमचे मित्र तिथलेच!)

वर्तमानपत्रातला प्रयोग २०१० चा, कोहेन कादोश यांचाच, ऑक्सफर्डमध्ये. लोकांना नऊ नवी चिन्हं दिली, एकेक चिन्ह म्हणजे एकेक अंक, आणि कोणतं मोठं ते शिकायचं. सहा दिवस, रोज वीस मिनिटं एक मिलिअँपिअर. उजव्या पॅरायटल भागावर धन आणि डाव्यावर ऋण टोक लावलेल्यांचं शिक्षण सुधारलं, आणि सहा महिन्यांनीही टिकलेलं दिसलं. टोकं उलटी केली तर कामगिरी लहान मुलांसारखी खालावली. तिसऱ्या गटाला खोटा करंट: सुरुवातीला जरा झिणझिण्या आणि मग बंद, म्हणजे त्यांना वाटावं की चालू आहे.

आता तुमच्या शंकेसाठी मसाला. सगळे मिळून माणसं होती पंधरा. गटात पाच.

शंकेखोर
पाच?! आमच्या गणपत गल्लीत पानाच्या दुकानापुढं यापेक्षा मोठा नमुना उभा असतो.

ओपीडी_नंतर
म्हणूनच पुढची चर्चा गरम झाली. २०१५ मध्ये एका एकत्रित आढाव्यात निघालं की टीडीसीएसच्या एकाच बैठकीनं बुद्धीच्या कामांवर खात्रीलायक परिणाम दिसत नाही. २०१८ मध्ये मोजून दाखवलं गेलं की टाळू आणि कवटी मिळून प्रवाहाचा सुमारे पाऊण हिस्सा आधीच खातात. उलट बाजूनं आढाव्याच्या पद्धतीवरही टीका झाली. भांडण मिटलेलं नाही.

मला त्याच चमूचा २०१३ चा प्रयोग जास्त बोलका वाटतो. मागच्या भागाला करंट दिला तर नवी चिन्हं लवकर शिकले, पण ती आपोआप, न विचार करता ओळखण्यात मागे पडले. कपाळामागच्या भागाला दिला तर नेमकं उलट. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं. गणिताची भीती असलेल्यांवरही २०१४ मध्ये करून पाहिलं: घाबरणारे थोडे वेगवान झाले, न घाबरणारे मंदावले.

पीयूसी_पीडित
सर, सीईटीला चार महिने आहेत. नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन स्पंज घेतले तर चालेल काय? यूट्यूबवर दाखवतायत. सिरियसली विचारायलोय.

गॉटिंगेन_रिटर्न
अजिबात नको! कातडी भाजते, चुकून टोकं उलटी लावलीस तर वर लिहिलेलं "उलट" तुझ्या वाट्याला येईल, आणि नक्की काय होईल हे कोणालाच ठाऊक नाही. घरी असले प्रयोग करणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये एकोणचाळीस संशोधकांनी जाहीर पत्र लिहून सावध केलं होतं.

जुने_गुरुजी
बाळ, एकोणचाळीस म्हणजे ३९. सीईटीत उपयोगी पडेल. बॅटरी टॉर्चमध्ये घाल आणि गेल्या दहा वर्षांचे पेपर सोडव.

पीयूसी_पीडित
३९ माहीत आहे हो सर. मी ४९ लिहीत होतो, मग खोडलं.

बैलगाडा
मध्येच घुसतो, रागावू नका. आकडे बोटांतही असतात, हे कोणी बोललं नाही अजून. लहानपणी आजोबांबरोबर चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत बैलबाजार बघितलाय. सौदा तोंडानं नाही. दलाल रुमाल टाकतो, त्याच्याखाली दोघांचे हात. किती बोटं धरली त्यावर भाव, हजाराचा की शेकड्याचा हे आधीच ठरलेलं. आजोबांना कानडी येत नव्हतं, समोरचा अथणीकडचा, त्याला मराठी येत नव्हतं. एक शब्द न बोलता बैल विकला. घरी आल्यावर आजीनं विचारलं कितीला गेला, तर आजोबांनी तिचाही हात धरला. ती म्हणाली, "तोंडानं सांगा की!"

ओपीडी_नंतर
@बैलगाडा, हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवण्यासारखा आहे. विनोद म्हणून नाही. १९२४ मध्ये व्हिएन्नात योझेफ गेर्स्टमान यांनी असे रुग्ण वर्णन करायला सुरुवात केली, ज्यांना स्वतःचं कोणतं बोट कोणतं हे कळेना. पुढं त्याबरोबर हिशेब, लेखन आणि डावं-उजवं बिघडलेलंही दिसलं, आणि हा चौकडा डाव्या अँग्युलर जायरसच्या इजेशी जोडला गेला. डाव्या कानाच्या वर, थोडं मागं. २००५ मध्ये निरोगी लोकांच्या त्याच जागेवर चुंबकाचे ठोके दिले तर बोटं ओळखणं आणि आकड्यांचं काम, दोन्ही अडखळलं. आजोबांच्या रुमालाखाली नेमकी तीच जागा काम करत होती असा माझा दावा नाही. पण हेवा वाटतो.

आंबोळी
अवांतर: कानडी एक म्हणजे जवळजवळ शून्यच की, फक्त खालून उघडं. चन्नम्मा चौकात उभी राहून मी दहा नंबरच्या बसवर दोन शून्यं वाचली होती. माझ्यावर कोणी चुंबक लावलं नव्हतं.

रामदेव_गल्ली
पाट्या आणि बसवरच्या आकड्यांचं कोण बोलणार? १९५६ पासून आपल्यावर

व्यवस्थापक
सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत, तिथं दोनशेच्या वर प्रतिसाद पडून आहेत. इथं आकडे. वरचा प्रतिसाद संपादित केला आहे.

रामदेव_गल्ली
दोनशे कुठल्या भाषेत मोजलेत तेवढं सांगा.

मुलीची_आई
इतके दिवस नुसती वाचत होते. माझी मुलगी नववीत आहे. तिला डिस्कॅल्क्युलिया आहे हे सातवीत कळलं, त्याआधी शाळेत 'ढ' आणि घरात 'आळशी'. शहापूरकर, तुमच्या मुलीचं वेगळं आहे, ती कानडीत बरोबर लिहिते. माझी कुठल्याच भाषेत नाही. आठ मोठे की सहा, हे ती आजही क्षणभर थांबून सांगते. कुंद्याचा पाव किलोचा डबा आणि अर्ध्या किलोचा डबा हातात दिला की कुठला जड ते लगेच सांगते, डब्यावरचे आकडे वाचून नाही.

तुमचा तो २००७ चा प्रयोग वाचून मला रडू आलं, खरं सांगते. धडधाकट शिकलेल्या माणसांना चार ठोके देऊन थोडा वेळ तिच्यासारखं करता येतं. म्हणजे ते तिच्या आळसात नाही, एका जागेत आहे. मला यंत्र नको आहे. ते वाक्य तिच्या वर्गशिक्षिकेला वाचून दाखवायचं आहे.

ओपीडी_नंतर
ताई, जरूर दाखवा. फक्त 'एकाच जागेत' असं घट्ट धरू नका, अनेक भाग मिळून काम करतात आणि प्रत्येक मुलाचं चित्र वेगळं असतं. उपचार म्हणून विजेची यंत्रं विकणारा कोणी भेटला तर त्याला या धाग्याची लिंक द्या. चुंबकाचं तंत्र अमेरिकेत २००८ मध्ये नैराश्यासाठी मान्य झालं आणि आपल्याकडेही मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी वापरतात. बंगळूरच्या निम्हान्समध्ये या तंत्रांवर मानसिक आजारांसाठी काम चालतं. गणितासाठी अजून हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे.

निपाणीची_सून
@मुलीची_आई, लेकीला माझ्याकडून एक गच्च मिठी. आणि वर पाठांतराबद्दल मी जे ठासून लिहिलं ते तिच्यासारख्यांना लागू नाही, हे आता कळलं.

शहापूरकर
एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येतो.

घरी २००७ वाला प्रयोग केला, चुंबक वगळून. वहीच्या कागदावर ढब्बू ३ आणि बारीक ५, असे वीस कागद. मोबाईलवर वेळ लावली. मी हमखास अडखळलो, बायको माझ्याहून कमी. पोरगी अजिबात अडखळली नाही. तिला टायप दिसला, किंमत मध्ये आली नाही. घाबरून @ओपीडी_नंतर यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. ते म्हणाले, लहान मुलांत आकड्याची किंमत आपोआप मनात यायला काही वर्षं लागतात, दुसरीत हे चालतं. आणि वीस कागदांवरून निदान करू नका. बरं वाटलं.

दुसरी गोष्ट. काल संध्याकाळी बाबा नोटा मोजत होते, मराठीत, ओठ हलवत. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस... तेवढ्यात बैलहोंगलकडच्या एक बाई आल्या, कानडीत इरकली साडीचा भाव विचारला. बाबांनी मान वर न करता भाव सांगितला आणि पुढं मोजायला लागले: नलवत्तेंटु, नलवत्तोंबत्तु, ऐवत्तु. कुठंही ठेच नाही. विचारलं, "बाबा, मध्येच कानडीत कसे गेलात?" त्यांना कळलंच नाही मी काय विचारतोय. "मी कुठं गेलो? नोटा मोजतोय."

देहानसाहेबांचं ते तिसरं खातं, भाषा नसलेलं, मला त्या क्षणी गल्ल्यावर दिसलं.

शंकेखोर
सुंदर. नोटा नंतर परत मोजल्यात का?

शहापूरकर
मोजल्या. एक कमी होती.